प्रवाळाचे कलम

पोवळे म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण होते ती मंगळासाठी बोटात घालावयाच्या अंगठीची. ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातील अंधूक प्रकाशाच्या कपारींत वाढते आणि सोनाराच्या पेढीवर येईपर्यंत त्यातील जीव केव्हाच गेलेला असतो. प्रस्तुत लेखातील प्रवाळे ही त्याची दूरची भावंडे. ती अंगठीत बसावयाची नाहीत. उथळ, उबदार, उन्हाने न्हालेल्या समुद्रात ती राहतात, दिवसा अंगात पाणी भरून फुगतात, प्रवाहाबरोबर डोलतात, रात्री शुंडके पसरून भक्ष्य धरतात. आणि गेल्या चाळीसएक वर्षांत अमेरिका, जर्मनी, इंग्लंड अशा देशांतील कितीतरी घरांच्या बैठकीत काचेच्या पेट्यांमध्ये नांदू लागली आहेत. तेथील हौशी मंडळी केवळ त्यांचे पालन करून थांबत नाहीत. ती प्रवाळांची कलमे करतात. एक फांदी कापून वेगळी लावतात आणि वर्षा-दोन वर्षांत तिचा झुबका झाला की त्यातलीही एक कापून मित्रास देतात.

कलम हा शब्द येथे अलंकार म्हणून योजिलेला नाही. जास्वंदीची फांदी मातीत खोचली की ती धरते, उसाचे दोन डोळ्यांचे टिपरे सरीत दाबले की नवा ऊस उगवतो, हे आपण लहानपणापासून पाहतो आणि त्यात नवल मानीत नाही. वनस्पतीचा तो धर्मच. परंतु प्रवाळ हा प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे, भक्ष्य मारण्याची हत्यारे आहेत. प्राण्याचा तुकडा कापावा आणि त्या तुकड्याचा पुन्हा पुरा प्राणी व्हावा, ही गोष्ट मनास सहजी पटत नाही. वर्गात प्रश्न घातला तर मुले प्रवाळास अजूनही बिनदिक्कत वनस्पतींत ढकलतात, आणि त्यांना रागावण्यात अर्थ नाही. मोठमोठ्या पंडितांनीही शतकानुशतके तेच केले होते.

हा घोळ ज्याने सोडविला तो शिकवण्या करणारा एक मास्तर होता, हे सांगताना मला थोडा व्यवसायबंधुत्वाचा अभिमान वाटतो. १७४० साली हॉलंडमध्ये हेग शहराजवळ अब्राहम ट्रेंबली नावाचा जिनिव्हाचा तरुण बेंटिंक नामक सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत असे. पाणवनस्पतींबरोबर बरणीत आलेले हिरवे, धाग्यासारखे, बोटाच्या पेराहूनही लहान असे काही जीव त्याच्या दृष्टीस पडले. त्या वनस्पती की ते प्राणी, हे त्याला ठरविता येईना. त्याने कसोटी योजिली ती अगदी साधी: कापून पाहावे, तुकडे जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी. तुकडे जगले. काही दिवसांत प्रत्येक तुकड्याने आपला उणा भाग भरून काढला. आणि तरीही ते जीव कोलांट्या घेत चालत होते, पाण्यातील किडे धरून गिळीत होते! तेव्हा खोटी ठरली ती कसोटी. पाठ्यपुस्तकातला हायड्रा तो हाच. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्याला ‘पॉलिप’ म्हणजे अनेक पायांचा असे नाव दिले. ट्रेंबलीने १७४४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शिवाय जो मागेल त्याला बरणीत घालून जिवंत पॉलिप धाडून दिले, म्हणजे ज्याचा विश्वास नसेल त्याने स्वतः कापून पाहावे. आजचे प्रवाळपालक जे करतात त्याचे मूळ त्या बरण्यांत आहे.

प्रवाळाचा पॉलिप हा त्या हायड्राचाच गोतावळ्यातला. फरक असा की तो आपल्याखाली चुनखडीची वाटी बांधतो आणि जन्मभर तीत बसून राहतो. वाटीच्या तळापासून पातळ पापुद्रे उभे राहिलेले असतात. लिंबाच्या आडव्या कापलेल्या फोडीत जशा आरा दिसतात तसे. पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवले वस्तीस असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानास देतात. बाहेरून आलेले भक्ष्य ही वरकड कमाई. बहुतेक प्रवाळांचे पॉलिप मिलिमीटरांत मोजण्याइतके बारीक असतात. परंतु काहींचे रुपयाच्या नाण्याएवढे, बशीएवढे, कधी त्याहूनही मोठे. हौशी पालकांच्या व्यवहारात यांना मोठ्या पॉलिपांची पाषाण-प्रवाळे म्हणतात. प्राणिशास्त्रात असा वर्ग नाही. ही दुकानदारांनी व पालकांनी सोयीसाठी केलेली वाटणी आहे, हे लक्षात असावे. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही त्यांतील लाडकी नावे. टॉर्चची शुंडके लांब आणि टोकाशी उजळ, हॅमरची हातोडीसारखी, तर फ्रॉगस्पॉन म्हणजे बेडकाच्या अंड्यांचा पुंजका. तिन्ही पूर्वी युफिलिया या एकाच वंशात होती. २०१७ साली शास्त्रज्ञांनी शेवटच्या दोघांना फिम्ब्रियाफिलिया या वेगळ्या घरात घातले. पालकांनी अर्थातच जुनीच नावे चालू ठेवली आहेत.

या प्रवाळांचे कलम सोपे जाते याचे कारण त्यांच्या वाढीच्या तऱ्हेत आहे. टॉर्चचा पॉलिप मोठा झाला की त्याच्या तोंडाची दोन तोंडे होतात, मधोमध कंबर पडते आणि खालचा सांगाडाही दुभंगून दोन फांद्या वर चढू लागतात. जुन्या फांदीच्या खालच्या भागावरील मांस ओसरते. उरतो तो उघडा, निर्जीव चुनखडीचा दांडा. म्हणजे वरून एक झुबका दिसत असला तरी आतून प्रत्येक फांदी स्वतंत्र संसार थाटून बसलेली असते. एकत्र कुटुंबातून विभक्त झालेल्या पण त्याच वाड्यात राहणाऱ्या भावांसारखी. कापावयाचे ते त्या उघड्या दांड्यावर, मांसाच्या कडेपासून चांगले दोन-तीन सेंटिमीटर खाली. जिवंत भागास करवत लागतच नाही.

पाण्याचा प्रवाह आधी बंद करावा आणि पॉलिपला हळूच स्पर्श करून आत मिटू द्यावे. ही घाईने करावयाची गोष्ट नव्हे. फुगलेल्या स्थितीत प्रवाळ पाण्याबाहेर काढले तर पाण्याने जड झालेले मांस खाली लोंबते आणि वाटीतील पापुद्र्यांच्या धारेवर आतूनच फाटते. मिटलेले प्रवाळ मात्र काही मिनिटे हवेत सहज राहते. ओहोटीच्या वेळी समुद्रातही त्याच्या कित्येक भाईबंदांवर हा प्रसंग रोज येतो. दांडा तोडण्यासाठी पुष्कळजण शस्त्रक्रियेत हाडे तोडण्याची असते तसली कात्री वापरतात. ती स्वस्त पडते, पण चुनखडी भसकन उभी चिरली जाऊन भेग वर पॉलिपपर्यंत जाण्याची धास्ती असते. त्याहून फरशी बसविणाऱ्या मिस्त्रीकडे असते तसले हिऱ्याच्या कणांचे चक्र किंवा पट्टाकरवत बरी. धारेवर समुद्राचे पाणी सोडीत कापावे. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे हवेतच. त्यात आळस करणाऱ्यास एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: याच पेट्यांत ठेवल्या जाणाऱ्या, पण सांगाडा नसलेल्या झोअँथिड नावाच्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते आणि असे दगड घरात उकळून वा घासून साफ करताना त्याच्या वाफाऱ्याने वा तुषारांनी माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे आहेत.

कापलेला तुकडा स्वच्छ समुद्रपाण्यात विसळतात, आयोडीनच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवितात आणि चिनी मातीच्या लहानशा बुचावर चिकटवितात. चिकटविण्यासाठी लागते ते सायनोॲक्रिलेट. आपल्या घरात फुटलेली कपबशी जोडावयास फेविक्विकची नळी आणतो, त्याच जातीचे, पण अधिक घट्ट. ओलाव्यानेच ते आळते, त्यामुळे पाण्यात चालते. पुढले काही दिवस मंद प्रवाह आणि माफक उजेड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शुंडके बाहेर डोकावली की जीव भांड्यात पडतो.

सगळीच प्रवाळे इतकी सोशीक नसतात. हॅमरच्याच एका जातीत फांद्या नसून नागमोडी भिंत असते. तोंडे तीवर ओळीने, मांस अखंड. तेथे कापणे म्हणजे सजीव अंगातून करवत नेणे. मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळांचेही तसेच. प्रत्येक तुकड्याच्या वाट्यास निदान एक धड तोंड यावे लागते आणि जखम भरेपर्यंत रोगाची टांगती तलवार राहते. एकाच तोंडाचे मोठे प्रवाळ घेऊन त्याचे चार तुकडे करणारे लोकही आहेत. माझ्या मते तो हव्यास होय, त्याला बागकाम म्हणता येणार नाही. जखमी भागी कधी तपकिरी, बुळबुळीत लगदा दिसू लागतो आणि त्यात सूक्ष्म जीवांची बजबजपुरी असते. तो लागला की एका रात्रीत अख्खे तोंड नाहीसे होऊन पांढरा सांगाडा उरतो. मग शेजारच्या फांद्या वाचविण्यासाठी पुन्हा करवतच हाती घ्यावी लागते. माळी कीड लागलेली फांदी छाटतो तशी.

खरी मेहनत मात्र कापण्यात नाही. ती पाण्यात आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. समुद्र अफाट असल्याने प्रवाळांनी कितीही उचलले तरी तेथे तूट दिसत नाही. दोन-तीनशे लिटरच्या पेटीत ती काही दिवसांत दिसते. क्षारता, मॅग्नेशियम, २४ ते २६ अंशांच्या आसपासचे तापमान, हजारात पस्तीस भाग मीठ, या साऱ्यांची रोजनिशी ठेवावी लागते. प्रारंभी हे कोणास जमत नव्हते. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर चालणारी आपली पेटी जगापुढे मांडली, पण त्यांच्या दाराशी समुद्र होता. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या जर्मन भाषकांच्या मुलुखात पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ज्या उपायाचा पुरस्कार केला तो ऐकून आपल्या आजीबाईंना हसू आले असते. तो उपाय म्हणजे चुन्याची निवळी! चुना पाण्यात कालवावा, साका खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी, पेटीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी, रात्री थेंबथेंब सोडावे. निवळी तीव्र अल्कधर्मी असल्याने एकदम ओतली तर घात होतो. जर्मन भाषेतील तिचे नाव आजही जगभरचे प्रवाळपालक जसेच्या तसे वापरतात.

आता या साऱ्या खटाटोपातून काय निघते? चांगल्या पेटीत टॉर्चच्या एका तोंडाची वर्षभरात दोन वा अधिक तोंडे होतात. ती कोठे ठेवावयाची? शेजारी शेजारी ठेवली तर भिन्न जातीची प्रवाळे एकमेकांस दंश करून मारतात. काहींची तर खास लढाईची शुंडके वीतभर लांब जातात. पेटी भरते आणि मग कलमे वाटणे भागच पडते. गावोगावच्या प्रवाळपालकांच्या मेळाव्यांत ती विकली जातात, बदलली जातात, पुष्कळदा नुसती दिली जातात. आपल्याकडे विरजण देतात तसे हे आहे. आपले दही बिघडले तर ज्या घरी विरजण दिले होते तेथूनच परत आणावयाचे. वीज गेल्याने किंवा साथीने एखाद्याची पेटी उद्ध्वस्त होते, तेव्हा वर्षापूर्वी दिलेल्या तुकड्याचा तुकडा त्याच्याकडे परत येतो आणि तो प्राणी, शास्त्राच्या काटेकोर अर्थाने, तोच प्राणी असतो.

पण याच ठिकाणी एक शंका उपस्थित होते आणि ती टाळून चालावयाचे नाही. ‘आम्ही प्रवाळे वाचवितो’ असे पालक मोठ्या आवाजात म्हणतात. त्यात तथ्य किती? एका टॉर्चची हजार कलमे हजार घरांत गेली तरी जीव एकच. त्याची प्रकृती एक, दुबळेपणाही एक. बदलत्या समुद्रात तग धरावयास वैविध्य लागते आणि ते अंडी व शुक्राणू यांच्या मीलनातूनच येते. शिवाय घरच्या पेटीतील प्रवाळ समुद्रात सोडणे हा अविचार होईल, कारण त्याच्याबरोबर कोणते रोग जातील ते कळत नाही. आणि व्यापार संपूर्णपणे कलमांवर चालतो असेही नाही. समुद्रातून उचललेली प्रवाळे अद्याप विकली जातात. पाषाण-प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली परवान्यांनी बांधलेला आहे. फिजीने २०१७ च्या अखेरीस प्रवाळांची निर्यात बंद केली. इंडोनेशियाने २०१८ साली थांबविली आणि पुढे समुद्रातील शेतीत वाढविलेल्या प्रवाळांपुरती पुन्हा उघडली. ही शेती म्हणजे उथळ पाण्यात मांडलेल्या चौकटींवर सिमेंटच्या चकत्यांना बांधलेले तुकडे. किनाऱ्यावरच्या कुटुंबांना त्यातून रोजगार मिळतो. त्या देशांच्या बंद दारांच्या काळात पालकांच्या पेट्यांतील कलमांचे मोल लोकांना कळले, एवढे मान्य करावयास हवे.

माझ्या दृष्टीने या छंदाचे खरे देणे निराळे आहे. ते आहे हातांचे कसब. २०१४ साली अमेरिकेत मायामीजवळ प्रवाळांना एक नवा रोग लागला. मांस गळून काही आठवड्यांत शतायुषी प्रवाळाचा सांगाडा व्हावा असा तो रोग वीसहून अधिक जातींत पसरला आणि त्यात सर्वाधिक बळी गेले ते मेंदू-प्रवाळे, स्तंभ-प्रवाळे अशा थोराडांचे. रोगाच्या वाटेपुढे जाऊन पाणबुड्यांनी निरोगी प्रवाळे उचलली आणि ती समुद्रापासून दूरच्या राज्यांतील मत्स्यालयांतही नेऊन ठेविली. ती तेथे जगली. कारण पाणी कसे राखावे, तुकडा कसा कापावा, कशावर चिकटवावा, हे सांगणारी एक पिढी तयार होती.

त्याच फ्लोरिडात मोट सागरी प्रयोगशाळेतील डेव्हिड व्हॉन यांची हकीकत प्रसिद्ध आहे. पेटीच्या तळाला चिकटलेले एक प्रवाळ हलविताना त्यांच्या हातून मोडले. तळाशी दोन-चार पॉलिप राहिले. ते मरणार असे धरून त्यांनी सोडून दिले. काही दिवसांनी पाहतात तो ते मरण्याऐवजी झपाट्याने पसरलेले! जखम भरून काढण्याच्या ओढीने लहान तुकडा मोठ्यापेक्षा वेगाने वाढतो, हे त्यातून उमगले. मग मंद वाढीच्या थोराड प्रवाळांचे सेंटिमीटरभर तुकडे हिऱ्याच्या पट्टाकरवतीने कापून, मृत प्रवाळाच्या डोक्यावर जवळजवळ चिकटविण्याची पद्धत निघाली. एकाच मायेचे तुकडे परस्परांस ओळखतात आणि शिवण विसरून एक होतात. यासंबंधीचा शोधनिबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास समुद्रात लावलेल्या अशा प्रवाळांनी २०१७ चे इर्मा वादळ सोसले आणि २०२० च्या उन्हाळ्यात अंडी सोडली. करवत, बूच, डिंक. यांतील एकही वस्तू प्रवाळपालकाच्या टेबलावर नवी नव्हती.

अंड्यांचा प्रश्नही पेटीतच सुटू लागला आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाच्या छोट्याशा मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज यांनी २०१२ पासून कृत्रिम चंद्र, कृत्रिम ऋतू आणि सूर्यास्त घडवून प्रवाळांना ठरल्या रात्री प्रजननास प्रवृत्त केले. त्याच ज्ञानाच्या आधारे फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये २०१९ साली स्तंभ-प्रवाळाने बंदिस्त पाण्यात प्रथमच अंडी सोडली. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये दक्षिण फ्लोरिडातील मॅनेटी उपसागरात पाण्याचे तापमान ३८ अंशांवर गेले, आणि समुद्रातील रोपवाटिकांतून प्रवाळे उचलून जमिनीवरील टाक्यांत आणावी लागली. त्या उन्हाळ्यात टाकी हेच त्यांचे माहेर ठरले.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी रंगीत माशांची पेटी आहे त्यांच्या मनात येथवर येईतो काही बेत शिजू लागले असतील, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे. भारतात सर्व पाषाण-प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवण, द्वारका वा अंदमान येथून जिवंत प्रवाळ तर राहोच, वाळूतला मेलेला पांढरा तुकडा पिशवीत घालून आणणे हाही गुन्हा आहे. परदेशी प्रवाळ म्हणून कोणी दुकानदार कागदपत्रांविना काही पुढे करील, तर त्याकडे पाठ फिरवावी.

पाहावयाची इच्छा असेल तर मार्ग मोकळा आहे. वडोदरे, अहमदाबादकडील मंडळींना तर तो फार लांबचाही नाही. जामनगरजवळ नरारा येथे कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात ओहोटीच्या वेळी समुद्र मागे हटतो आणि वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्याबरोबर, घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळे पाहता येतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी विचारून घ्यावे आणि पायात जाड तळाचे बूट घालावेत. फांद्यांची ॲक्रोपोरा प्रवाळे या आखातातून पूर्वीच नाहीशी झाली होती, त्यांचे सांगाडे तेवढे सापडत. मिठापूरजवळ गुजरात वनखाते, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी लक्षद्वीपाहून तुकडे आणून ती पुन्हा लावण्याचा प्रयत्न केला आहे. नराऱ्यास मात्र दिसतात ती वळ्यावळ्यांची, जाड मांसाची, मोठ्या तोंडांची प्रवाळे. उन्हात उघडी पडलेली, मिटून बसलेली, अंगावर पातळ बुळबुळीत साय ओढून पाणी परत येण्याची वाट पाहणारी.